मित्राचे गुपित आणि मित्राचा जीव : इ. स. १६०५ मधील एका निनावी पत्राचा विचार

पदव्युत्तर वर्गापुढे फादर थॉमस स्टीफन्स याच्या 'ख्रिस्तपुराणा'ची भाषा मांडीत असताना त्याच्या चरित्राकडे वळणे क्रमप्राप्तच असते. विल्टशायरमधला हा इंग्रज तरुण १५७५ साली रोम येथे जेझुइट संघात दाखल झाला, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला, आणि पुढची चाळीस वर्षे त्याने मराठी-कोंकणीच्या सहवासात काढली. एका वर्षी हा भाग शिकवून संपवीत असता सहज म्हणून मी असे सांगितले की, त्याच १५७५ साली, त्याच रोममध्ये, आणखी एक इंग्रज तरुण त्याच संघात प्रविष्ट झाला होता. त्याचे नाव हेन्री गार्नेट. स्टीफन्स पूर्वेकडे आला व ग्रंथकार झाला. गार्नेट १५८६ मध्ये वेषांतर करून मायदेशी परतला, आणि १६०६ च्या मे महिन्यात लंडन येथे सेंट पॉलच्या आवारात त्यास फाशी देण्यात आले. वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, "त्याचा अपराध कोणता?" मी उत्तर दिले, "त्याने एका मित्राचे गुपित फोडले नाही." यावर तिने जो पुढचा प्रश्न केला त्याचे उत्तर मला तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत देता आले नाही. तिचा प्रश्न असा : "फोडले असते तर मित्र वाचला असता काय?"

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाच्या निमित्ताने केलेल्या वाचनाचे फलित होय. माझा अभ्यासविषय भाषाशास्त्र आहे, इतिहास नव्हे. तेव्हा घटनांचा नवा शोध येथे कोणी अपेक्षू नये. परंतु या प्रकरणात काय घडले याच्याइतकेच महत्त्वाचे असे काही आहे, ते म्हणजे काय बोलले गेले, काय अर्धवट बोलले गेले, आणि काय ऐकण्याचे नाकारले गेले. त्या अंगाने विचार करण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकास असावा.

कटाची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात देतो. दिनांक सर्वत्र त्या वेळी इंग्लंडात रूढ असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत कॅथलिक पंथीयांवर कडक निर्बंध होते. सरकारमान्य उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास १५८१ च्या कायद्याने दरमहा वीस पौंड दंड होता, आणि १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडात असणे हाच राजद्रोह ठरला होता. १६०३ साली पहिला जेम्स गादीवर आला तेव्हा सवलतींची आशा वाटली. ती लवकरच मावळली. २० मे १६०४ रोजी लंडनमधील स्ट्रँड भागातील एका खानावळीत रॉबर्ट केट्सबी, टॉमस विंटर, जॉन राइट, टॉमस पर्सी आणि गाय फॉक्स हे पाच जण जमले व त्यांनी प्रार्थनापुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. पार्लमेंटच्या उद्घाटनाच्या दिवशी राजा, सरदार व प्रतिनिधी यांच्यासह सभागृह उडवून द्यावयाचे, असा बेत होता. सरदारांच्या सभागृहाखालचे तळघर भाड्याने घेण्यात आले व त्यात बंदुकीच्या दारूची छत्तीस पिंपे रचून ठेवण्यात आली. प्लेगमुळे उद्घाटन लांबत लांबत ५ नोव्हेंबर १६०५ वर गेले. तोपर्यंत कटवाल्यांची संख्या तेरा झाली होती. त्यातला तेरावा, म्हणजे अगदी शेवटी १४ ऑक्टोबर रोजी कटात ओढला गेलेला, तो फ्रान्सिस ट्रेशम.

शपथेविषयी एक गोष्ट येथेच नोंदविली पाहिजे. आपल्याकडे बेलभंडार उचलून शपथ घेत; तीत वचन मोडू नये एवढाच मुख्य आशय असे. या पाच जणांच्या शपथेत मात्र प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, शब्दाने वा प्रसंगाने, कोणत्याही वाटेने गुपित बाहेर पडू न देण्याचे बंधन होते. म्हणजे सूचकतेचीही वाट आधीच बंद केली होती. केट्सबीला माणसांचा स्वभाव चांगला कळत होता असे यावरून दिसते. मनुष्य सरळ सांगत नाही, तो सुचवितो, हे त्याने हेरले होते.

आणि नेमके तेच घडले. २६ ऑक्टोबर, शनिवारी संध्याकाळी हॉक्स्टन येथे लॉर्ड मॉन्टीगल भोजनास बसला असता रस्त्यावर एका अनोळखी इसमाने त्याच्या नोकराच्या हाती एक पत्र दिले. त्यावर दिनांक नव्हता, सही नव्हती. मॉन्टीगलने ते टॉमस वॉर्ड नावाच्या आपल्या माणसाकडून मोठ्याने वाचवून घेतले. पत्रातील मजकुराचा मथितार्थ असा : आपल्या काही मित्रांवरील प्रेमामुळे मला आपल्या सुरक्षिततेची काळजी आहे, काही निमित्त काढून या पार्लमेंटला हजर राहण्याचे टाळावे आणि आपल्या गावी जावे, वरवर कोणतीही गडबड दिसत नसली तरी या पार्लमेंटावर भयंकर आघात होणार आहे, आणि तो कोण करीत आहे हे त्यांना दिसणार नाही, पत्र वाचून जाळून टाकावे.

मॉन्टीगलने पत्र जाळले नाही. त्याच रात्री तो ते घेऊन व्हाइटहॉल येथे राजाचा मुख्य सचिव रॉबर्ट सेसिल, म्हणजे सॉल्सबरीचा अर्ल, याच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी वॉर्डने विंटरला गाठून पत्राची वार्ता दिली. वॉर्डचे कटवाल्यांशी संबंध होते हे मॉन्टीगलला ठाऊक असावे, आणि म्हणूनच पत्र त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घेतले असावे, अशी शंका अनेकांनी घेतली आहे. मला ती अगदी अस्थानी वाटत नाही.

पत्र कोणी लिहिले? यावर तीनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. सेसिलनेच ते घडवून आणले, मॉन्टीगलनेच स्वतःला लिहिले, अ‍ॅन व्हॉक्स नावाच्या कॅथलिक गृहिणीने लिहिले, असे निरनिराळे तर्क झाले आहेत. कटवाल्यांचा स्वतःचा संशय मात्र एकाच माणसावर गेला, तो ट्रेशमवर. आणि बहुसंख्य इतिहासकारांचा कलही तिकडेच आहे. कारण उघड आहे. मॉन्टीगलची पत्नी एलिझाबेथ ही ट्रेशमची सख्खी बहीण. लॉर्ड स्टर्टन हाही त्याचा मेहुणाच. कटात आल्याबरोबर ट्रेशमने या दोघांच्या जिवाची चिंता बोलून दाखविली होती. केट्सबी व विंटर यांनी त्याला गाठून जाब विचारला, ठार करण्याची धमकी दिली. त्याने शपथेवर इन्कार केला, आणि त्यांना तो खरा वाटला. मी पुढील विवेचन ट्रेशमला लेखक धरून करतो. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता या पत्राच्या भाषेकडे पाहू. व्याकरणदृष्ट्या त्याचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे कर्तृलोप. आघात होणार आहे, पण आघात करणारा वाक्यात कोठेच नाही. उलट तो दिसणार नाही असे मुद्दाम सांगितले आहे. मराठीत हा भेद आपण क्षणोक्षणी वापरतो. "मी कप फोडला" आणि "कप फुटला" यांत घटना एकच. दुसऱ्या वाक्यात मात्र अपराधी नाहीसा झालेला असतो. मूल हे वाक्य फार लवकर शिकते. गुपित फोडणाऱ्या मित्राचे व्याकरण बहुधा असेच असते : संकट तेवढे सांगावे, संकट आणणारा सांगू नये. ट्रेशमला दोन माणसे वाचवावयाची होती. मेहुण्याला स्फोटापासून, आणि केट्सबीला फाशीपासून. केट्सबी हा त्याचा मावसभाऊ आणि लहानपणापासूनचा सोबती होता. पहिल्यासाठी पुरेसे बोलणे आवश्यक होते आणि दुसऱ्यासाठी पुरेसे न बोलणे आवश्यक होते. पत्र म्हणजे या दोन गरजांच्या मधोमध काढलेली रेषा होय.

दुसरे लक्षण एका शब्दाचे आहे. पत्रात आघातासाठी 'ब्लो' असा इंग्रजी शब्द आहे. इंग्रजीत हाच उच्चार व हेच लेखन तडाख्यासाठीही आहे व उडवून देण्याच्या क्रियेसाठीही आहे. सरकारने नंतर जी हकीकत प्रसिद्ध केली तीत असे म्हटले आहे की, १ नोव्हेंबरला पत्र राजापुढे ठेवले गेले तेव्हा या शब्दातील दारूचा इशारा राजाने स्वतः ओळखला. दरबारी स्तुतीचा भाग यातून वजा केला पाहिजे. सेसिलसारख्या चतुर माणसास सहा दिवस जे उमगले नाही ते राजास एका दृष्टिक्षेपात उमगले, हे जरा अतीच होते. पण शब्दाची द्व्यर्थता खरी आहे. 'आघात' या मराठी शब्दात ती उतरत नाही. 'उडविणे' यात उतरते, पण त्यात तडाख्याचा अर्थ नाही. भाषांतरकाराने येथे हात टेकणेच बरे.

या संदिग्धतेचा परिणाम काय झाला? इतिहासाच्या पुस्तकांत पत्रामुळे कट उघडकीस आला एवढे सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. मला मात्र दुसरी बाजू अधिक विचारात घेण्याजोगी वाटते. २७ ऑक्टोबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पुरे नऊ दिवस, कटाचे प्रमुख हे जाणून होते की सेसिलच्या हाती असे पत्र आहे. पळून जाण्यास हा अवधी भरपूर होता. टेम्स नदीत गलबत होते. ट्रेशमने केट्सबीला परदेशी जाण्याचा आग्रह केला आणि त्यासाठी पैसे देऊ केले, असे त्याने पुढे तुरुंगात सांगितले. त्याने स्वतःसाठीही देश सोडण्याचा परवाना काढला होता. तथापि केट्सबी गेला नाही. पत्र इतके मोघम होते की त्यातून सरकारला काही कळले असेल असे त्याला वाटले नाही. फॉक्सला पाठवून तळघर पाहून घेतले; पिंपे जशीच्या तशी होती. त्यावरून तो निर्धास्त झाला. मित्राने ज्या मोघमपणाने त्याला झाकले होते, त्याच मोघमपणाने त्याला जागेवर खिळवून ठेवले. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास फॉक्स पकडला गेला, आणि ८ नोव्हेंबरला स्टॅफर्डशायरमधील होलबीच येथे केट्सबी व पर्सी गोळी लागून पडले. दोघांना एकच गोळी लागली असे त्या वेळी सांगत.

अर्धे फोडलेले गुपित हे न फोडलेल्यापेक्षा मित्राच्या दृष्टीने चांगले काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना दुसऱ्या माणसाकडे, म्हणजे गार्नेटकडे, वळावे लागते. कारण त्याने अर्धेही फोडले नाही.

गार्नेट हा इंग्लंडातील जेझुइटांचा वरिष्ठ होता. सुमारे वीस वर्षे तो घराघरांतून, भिंतींतील गुप्त कोनाड्यांतून लपत वावरला. केट्सबी व त्याचा स्नेह होता. ९ जून १६०५ रोजी केट्सबीने लंडनमध्ये त्यास एक प्रश्न केला : न्याय्य युद्धात अपराध्यांबरोबर निरपराधही मारले जाणार असतील तर तो हल्ला करणे योग्य काय? गार्नेटने शास्त्रार्थ समजून सर्वसाधारण उत्तर दिले. केट्सबी फ्लँडर्समध्ये सैन्यातील हुद्द्यासाठी खटपट करीत होता, त्यामुळे प्रश्न त्या संदर्भातला आहे असे त्यास प्रथम वाटले. नंतर तो अस्वस्थ झाला व त्याने केट्सबीला सावध केले. जुलै महिन्यात ऑस्वल्ड टेझिमंड हा त्याचा सहकारी त्याच्याकडे आला. केट्सबीने टेझिमंडपाशी पापनिवेदन केले होते (गोव्याच्या कोंकणीत ज्यास 'कुमसार' म्हणतात), आणि त्यात कटाचा सर्व तपशील होता. टेझिमंड भारावून गेला होता. त्याने तो तपशील गार्नेटला पापनिवेदनाच्याच मर्यादेत सांगितला. गुडघे टेकून नव्हे, फिरता फिरता सांगितला. हा तपशील पुढे खटल्यात फार महत्त्वाचा ठरला.

पापनिवेदनातील गुपिताचे बंधन किती कठोर होते हे समजून घेतल्याशिवाय गार्नेटचा पेच कळणार नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने असा नियम केला होता की, जो धर्मगुरू हे गुपित फोडील त्याला पदच्युत करून जन्मभर प्रायश्चित्तासाठी मठात कोंडावे. परंतु सामान्य मित्राच्या गुपिताला हा नियम लागू नव्हता, आणि ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची आहे. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने या दोहोंत स्पष्ट भेद केला. त्याच्या मते पापनिवेदनातून कळलेले कोणत्याही कारणास्तव सांगता येत नाही, कारण ते मनुष्य म्हणून नव्हे तर ईश्वराचा सेवक म्हणून ऐकलेले असते. मात्र विश्वासाने सांगितलेल्या इतर गोष्टींत जर समुदायाचा नाश वा एखाद्याची गंभीर हानी गुंतलेली असेल, तर ते गुपित उघड करणे हे कर्तव्यच ठरते, मग वचन दिलेले असो वा नसो. गार्नेटच्याच काळात, १५९९–१६०० मध्ये, मार्टिन डेल रिओ या जेझुइट पंडिताने आपल्या जादूटोण्यावरील ग्रंथात एक काल्पनिक उदाहरण चर्चिले होते : एखाद्याने पापनिवेदनात असे सांगितले की मी अमुक उंबऱ्याखाली दारू पुरली आहे, तर धर्मगुरूने काय करावे? त्यावरील एक मत असे की, नाव न फोडता, संशय न येऊ देता, अनर्थ टाळण्याचे सर्व उपाय करावेत. इंग्लंडात हे उदाहरण अक्षरशः खरे ठरावे, हा योगायोग विलक्षण होय. कोकसारख्या सरकारी वकिलाला त्यात योगायोग दिसला नाही हे सांगावयास नकोच.

गार्नेटने सर्व उपाय केले काय? त्याने २४ जुलै रोजी संघाचा मुख्य क्लॉडिओ अक्वाविवा यास रोमला लिहिले की, पोपने इंग्लंडातील कॅथलिकांना शस्त्र उचलण्यास बहिष्काराच्या धमकीनिशी मनाई करावी. पत्रात कटाचे नाव नव्हते. तेही सूचकच होते. केट्सबीकडून त्याने रोमला कळविल्याशिवाय काही न करण्याचे आश्वासन मिळविले आणि त्यावर तो विसंबला. शरद ऋतूत अ‍ॅन व्हॉक्सने, जिच्या आश्रयाने तो वर्षानुवर्षे राहत होता तिने, त्यास बोलून दाखविले की ठिकठिकाणच्या तबेल्यांत नेहमीपेक्षा अधिक घोडे दिसत आहेत, हे तापट तरुण काहीतरी करून बसतील, आपण केट्सबीला समजवावे. त्याने तिला ते घोडे फ्लँडर्सच्या मोहिमेसाठी असावेत असे सांगितले. तिला जे दिसत होते त्याहून त्याला अधिक ठाऊक होते, आणि तिच्या चिंतेला उत्तर देताना त्याने जे शब्द वापरले ते अगदीच खोटे नव्हते.

येथे मराठीतील एका लहानशा शब्दसमूहाकडे लक्ष वेधावेसे वाटते. गुपित सांगण्याच्या क्रियेला आपण 'चहाडी', 'चुगली', 'फितुरी' म्हणतो, आणि हे तिन्ही शब्द निंदाव्यंजक आहेत. 'कान भरणे' हेही त्यातलेच. पण 'कानावर घालणे' हा वाक्प्रचार निराळा आहे. ज्याला एखादी गोष्ट कळणे हितावह आहे त्याला ती मर्यादेने कळविणे, असा त्याचा अर्थ. त्यात सांगणाऱ्याची निंदा नाही आणि ऐकणाऱ्यावर काही करण्याची जबाबदारी मात्र येते. घरातील वडील माणसाच्या 'कानावर घातले' असे आपण म्हणतो, शत्रूच्या नव्हे. म्हणजे गोष्ट तीच असली तरी कोणाच्या कानी आणि कशासाठी, यावर शब्द बदलतो. गार्नेटपाशी असा कान कोणता होता? सेसिलचा नव्हता, तेथे घालणे म्हणजे केट्सबीला वधस्तंभाकडे नेणे, आणि स्वतःसही. रोम दूर होते. पत्र जाऊन उत्तर येण्यास आठवडेच्या आठवडे लागत. त्याच्या अपयशाचा एक भाग, माझ्या मते, या अभावात आहे. गुपित मोडून मित्राला वाचविण्यासाठी मित्र आणि जल्लाद यांच्या मधे उभे राहू शकेल असे कोणी तिसरे असावे लागते. १६०५ च्या इंग्लंडात कॅथलिकांना असे कोणी उरले नव्हते, आणि ते उरू न देण्याचे श्रेय त्या कायद्यांनाच द्यावे लागेल.

विषयांतराचा दोष पत्करून एक अनुभव सांगतो. विद्यार्थिदशेत वसतिगृहात माझा एक सोबती होता. एका रात्री त्याने मला जे सांगितले त्यावरून तो स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करील अशी मला भीती वाटली. "कुणाला सांगू नकोस," एवढे तो दोनदा म्हणाला. मी रात्रभर जागा राहिलो आणि पहाटे आमच्या रेक्टरांच्या कानावर घातले; ते त्याच दिवशी त्याच्या थोरल्या भावाला घेऊन आले. माझा सोबती त्यानंतर दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. आज तो मुलाबाळांत आहे, अधूनमधून भेटतोही. त्या रात्रीचा विषय मात्र आम्ही दोघांनीही कधी काढलेला नाही. मी हे सांगतो ते स्वतःच्या शहाणपणाची साक्ष म्हणून नव्हे. मला रेक्टर होते. ते नसते, आणि वसतिगृहाच्या दाराशी पोलीस तेवढे असते, तर मी काय केले असते हे मला खात्रीने सांगता येत नाही.

गार्नेटकडे परत येऊ. इतिहासकारांनी बहुतेक सारा वाद टेझिमंडच्या निवेदनावर केंद्रित केला आहे : ते खरोखर पापनिवेदन होते काय, चालता चालता केलेले निवेदन नियमात बसते काय, इत्यादी. हा वाद निकालात निघणे कठीण आहे आणि मला तो दुय्यम वाटतो. त्याहून बोलका असा एक प्रसंग आहे. केट्सबीने एकदा, पापनिवेदनाच्या बाहेर, निव्वळ मित्र म्हणून, आपला बेत गार्नेटला सांगू केला होता. गार्नेटने तो ऐकण्याचे नाकारले. रोमची आज्ञा अशा उलाढालींपासून अलिप्त राहण्याची होती, हे त्याचे कारण. खटल्यात सॉल्सबरीने नेमके यावरच बोट ठेवले : तेव्हा ऐकून घेतले असते तर ते साधे गुपित ठरले असते आणि उघड करण्याची मोकळीक तुम्हांस मिळाली असती. सॉल्सबरी हा काही निःपक्षपाती माणूस नव्हे, पण हा युक्तिवाद अक्वायनसच्या भेदाला धरून आहे. मित्र स्वतःहून तोंड उघडतो, तेव्हा त्याला थांबवावे असेही कोठेतरी त्याच्या मनात असते. सांगणे हे पुष्कळदा अडविले जाण्याचे आमंत्रण असते. केट्सबीच्या मनात तसे होते असे मी म्हणत नाही. तो बहुधा केवळ अनुमती शोधीत होता. पण ऐकण्याचे नाकारल्यामुळे गार्नेटने आपल्या हातातील एकमेव मोकळी किल्ली टाकून दिली, आणि पुढे त्याच्यापाशी उरली ती फक्त मोहोरबंद. स्वतः गार्नेटनेही शेवटी हे एका अर्थी मान्य केले. केट्सबीकडून बाहेर कळलेला सर्वसाधारण हेतू आपण उघड केला नाही, हा आपला दोष, असे त्याने कबूल केले. पापनिवेदनातील तपशिलाबद्दल मात्र तो अखेरपर्यंत ठाम राहिला.

२७ जानेवारी १६०६ रोजी वूस्टरशायरमधील हिंडलिप येथे आठवडाभराच्या झडतीनंतर तो सापडला. टॉवरमध्ये त्याला व एडवर्ड ओल्डकोर्न या त्याच्या सहकाऱ्याला शेजारच्या कोठड्यांत ठेवून त्यांना भिंतीतील एका फटीतून बोलण्याची संधी मुद्दाम देण्यात आली. ते जे बोलले ते लपून बसलेले दोन सरकारी माणसे लिहून घेत होती. अ‍ॅन व्हॉक्सला त्याने नारिंगाच्या रसाने लिहिलेली अदृश्य पत्रे पाठविली. तीही वाटेत वाचली जात. गुपित जपण्यासाठी मरणास तयार झालेल्या माणसाचे शेवटचे खाजगी शब्द अशा रीतीने सरकारी दप्तरात जमा झाले, आणि आज आपण त्याच्याविषयी जे जाणतो त्यातले बरेचसे त्यावरूनच जाणतो. अभ्यासकाला याचा थोडा संकोच वाटावयास हवा.

२८ मार्चच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्याच्यावर जो सर्वांत मोठा भडिमार केला तो बोलण्याच्या पद्धतीवरून. ट्रेशमच्या खोलीत एक हस्तलिखित सापडले होते. त्याचे मूळ शीर्षक द्व्यर्थी भाषणाविषयीचा ग्रंथ असे होते. ते खोडून त्या जागी असत्य व कपटी बतावणीविरुद्धचा ग्रंथ असे लिहिले होते, आणि दुरुस्त्या गार्नेटच्या हातच्या होत्या. सध्या ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. जीव वाचविण्यासाठी, विशेषतः दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी, प्रश्नकर्त्याला ज्या प्रश्नाचा अधिकार नाही त्याचे उत्तर मनातील एक अंश न उच्चारता देता येते, अशी त्याची मांडणी आहे. आपल्याकडील 'नरो वा कुंजरो वा' याची आठवण कोणासही होईल. फरक इतकाच की धर्मराजाच्या त्या वाक्याने एक माणूस मारला गेला. गार्नेटच्या ग्रंथातील उदाहरणे दाराशी आलेल्या शिपायांपासून घरात दडलेल्या माणसास वाचविण्याची आहेत. कोकला हा फरक मानवणारा नव्हता. त्याने 'ड' ने आरंभ होणाऱ्या इंग्रजी शब्दांची एक माळच गार्नेटच्या गळ्यात घातली, आणि पंधरा मिनिटांत पंचांनी दोषी ठरविले. 'मॅकबेथ' नाटकातील द्वारपालाच्या तोंडी दुटप्पी बोलणाऱ्याचा जो उल्लेख आहे तो गार्नेटलाच उद्देशून असावा असे बहुतेक टीकाकार मानतात. ३ मे रोजी फाशी देताना, जिवंतपणी चिरफाड होऊ नये म्हणून जमावातील काहींनी त्याचे पाय ओढून धरले.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावयाचे तर असे : जुलैमध्ये कोणी फोडले असते तर केट्सबी वाचला नसता, पळाला असता तरच वाचला असता. पण एव्हरार्ड डिग्बी वाचला असता. विशीतला, दोन लहान मुलांचा बाप, ऑक्टोबरात केट्सबीच्या शब्दाखातर कटात आला आणि ३० जानेवारीस मारला गेला. उशिरा आलेल्या माणसांचा हिशेब या प्रश्नात सहसा कोणी करीत नाही. केट्सबीचे गुपित जपताना डिग्बीसारख्यांचे काय होईल, हा विचार गार्नेटच्या उपलब्ध पत्रव्यवहारात मला आढळला नाही; आणि गार्नेट कटाच्या आधीच्या दिवसांत डिग्बीच्याच घरी मुक्कामाला होता.

ट्रेशमचे पुढे काय झाले ते सांगून लेख संपवितो. तो टॉवरमध्ये खटल्यापूर्वीच, २३ डिसेंबर १६०५ रोजी, मूत्रविकाराने मरण पावला. आपण पत्र लिहिले असे तो कधी म्हणाला नाही, वास्तविक तसे म्हटले असते तर कदाचित जीव वाचला असता. मरणापूर्वी त्याने नोकराकडून एक निवेदन लिहवून घेतले. त्यात गार्नेटला आपण सोळा वर्षांत पाहिलेले नाही असे म्हटले होते. ते धडधडीत असत्य होते; अ‍ॅन व्हॉक्सच्या जबानीतूनच दोघांच्या भेटीगाठी उघड झाल्या, आणि कोकने तेच निवेदन गार्नेटविरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखविले. मॉन्टीगलला सरकारने वर्षाला पाचशे पौंडांचे निवृत्तिवेतन व दोनशे पौंड उत्पन्नाची जमीन दिली. तो १६२२ पर्यंत जगला. पत्र कोणाचे, हे त्याने कोणास सांगितल्याचे नमूद नाही. पत्र लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे.